भट्टीचा ताप आणि एका मुलाची वही

तापमापक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पाऱ्याची नळी उभी राहते. अंगातील ज्वर पाहण्यास ती पुरेशी आहे. परंतु पारा सेल्सिअसच्या ३५७ अंशांना उकळतो, आणि शाळेतील नेहमीची नळी ११० अंशांपुढे नेली तर फुटण्याचे भय. मग लोहाराची आगटी किंवा विटांची भट्टी मोजावी कशाने? कारागीर रंगावरून अदमास घेतात: मंद तांबडा, नारिंगी, पांढरा. त्यांची नजर सहसा चुकत नाही. परंतु ती दुसऱ्यास देता येत नाही.

यावरील उपायाचे मूळ सीबेक नामक जर्मन शास्त्रज्ञास सन १८२१ मध्ये सापडले. दोन भिन्न धातूंच्या तारा दोन्ही टोकांस जोडाव्यात, एक सांधा तापवावा व दुसरा थंड ठेवावा, की तारांतून विद्युत्प्रवाह वाहू लागतो. सीबेकला जवळची चुंबकसुई हललेली दिसली, म्हणून हा चुंबकत्वाचाच प्रकार आहे असे तो समजला. पाहिले ते खरे. अर्थ तेवढा चुकला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक. सन १९८९ च्या सुमारास नांदेडास असताना विज्ञान-प्रदर्शनासाठी मुलांकडून असा तापमापक करविला. तांब्याची व लोखंडाची तार बाजारात सहज मिळे, म्हणून तीच घेतली. एक सांधा बर्फात, दुसरा लोहाराच्या आगटीत, आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर. सुई चढली, थबकली, आणि भाता जोराने चालू असताही मागे सरकू लागली. एका मुलाने वहीत तसेच लिहिले. मी लाल शाईने ते खोडले.

“गुरुजी, मी दोनदा पाहिले,” तो म्हणाला.

“आग वाढते आणि सुई उतरते, असे कधी होते काय?” असे म्हणून मी आलेखाची रेघ सरळ चढती काढावयास लावली. त्या आलेखास बक्षीसही मिळाले.

पुढे लातुरास बदली झाली. तेथे महाविद्यालयाचे एक पुस्तक हाती आले, आणि मी चपापलो. थंड सांधा शून्य अंशावर असता तांबे-लोखंडाच्या जोडीचा प्रवाह सुमारे २७० अंशांपर्यंत वाढतो, मग घटतो, आणि ५४० च्या आसपास शून्य होऊन उलट दिशेस वाहू लागतो! शेगडीवर वाळू तापवून मी स्वतः पाहिले. सुई थबकली आणि मागे वळली. मुलगा खरा होता.

मग नवी जोडी केली. शाळेतील मोडक्या ऱ्हिओस्टॅटवर कॉन्स्टंटनची, म्हणजे तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची, तार होती. तिला लोखंडाची तार पिळून घट्ट जोडली. ही जोडी मागे वळत नाही. दर अंशास सुमारे ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे १०० अंशांस पाच मिलिव्होल्टांहून थोडे अधिक. मोजपट्टी आखण्यास खुणा हव्यात: वितळते बर्फ शून्य, कथील २३२, जस्त ४१९.५. वितळलेला धातू गोठत असता आकडा काही वेळ स्थिर राहतो, तीच खूण. सांधा मात्र कठीण काचेच्या बंद, कोरड्या नळीत ठेवावा. वितळलेल्या धातूत पाण्याचा थेंब पडला तर तो उसळून अंगावर येतो. म्हणून हे काम मोठ्या माणसानेच करावे.

उकळत्या पाण्याची खूण घ्याल तर आपले गाव विसरू नका. लातूर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून अधिक उंच. तेथे पाणी १०० नव्हे, ९८ अंशांच्या आसपासच उकळते. नांदेड त्याहून सखल, म्हणून तेथे किंचित अधिक. लोखंडाची तार ७५० अंशांपुढे लवकर खराब होते; विटांच्या भट्टीस क्रोमेल व अल्युमेल यांची जोडी घ्यावी.

यंत्र सुधारले, वही मात्र तशीच राहिली. तो मुलगा शाळा सोडून गेला, आणि पुन्हा भेटला नाही. आज तो पन्नाशीत असेल. हे भाषण त्याच्या कानी पडत असेल तर त्यास एवढेच सांगावयाचे आहे: बाळा, तुझा आकडा बरोबर होता, लाल रेघ चुकीची होती. आणि श्रोतेहो, आपल्या घरचे मूल उद्या काही विपरीत पाहून आले, तर शाई उचलण्यापूर्वी त्याच्याबरोबर एकदा सुई पाहून यावे.