मुलांचे वर्णनलेखन आणि पाच इंद्रिये

वर्णनात्मक निबंध मराठी शाळांत प्राथमिक वर्गांपासून शिकवला जातो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘आठवडी बाजार’, ‘सूर्योदयाचे दृश्य’, ‘माझे गाव’ हे त्याचे ठरलेले विषय. त्यांतली वाक्येही बहुधा ठरलेलीच असतात. धरणीने हिरवा शालू नेसलेला असतो, वारा मंद वाहत असतो, पक्ष्यांचा किलबिलाट चाललेला असतो आणि मातीचा सुगंध दरवळत असतो. सिंधुदुर्गातल्या मुलाचा पाऊस आणि यवतमाळच्या मुलीचा पाऊस कागदावर अगदी एकसारखा पडतो.

प्रत्यक्षात तो एकसारखा नसतो. कोकणात पाणी जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून पाझरत जाते, पायवाटा शेवाळतात, भिंतींना ओल येते, कपडे वाळता वाळत नाहीत. विदर्भातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पाणी पडले की ती फुगते, भेगा मिटतात आणि चपलांना चिखलाचे थर चिकटून पाय उचलेनासा होतो. दोन्ही मुलांनी हे पाहिलेले आणि सोसलेले असते. लिहायला बसल्यावर मात्र स्वतःचा पाऊस बाजूला राहतो आणि निबंधाच्या पुस्तकातला पाऊस वहीत उतरतो.

मुलांकडे शब्द कमी असतात म्हणून असे होते, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. हीच मुले मधल्या सुट्टीत पावसात घसरून पडलेल्या मित्राची हकिगत सांगतात तेव्हा चिखलाचा रंग, पडल्याचा आवाज आणि कोपराची आग या सगळ्यांचा त्यात हिशोब असतो. निबंधात हे लिहायचे असते, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून वर्णन शिकवण्याचा क्रम अनुभवापासून सुरू व्हावा. आधी इंद्रियांनी घेतलेला अनुभव, मग त्या अनुभवाला नेमका बसणारा शब्द आणि शेवटी लिहिण्यासाठी केलेली निवड.

आपल्या परंपरेत या विचाराला जुना आधार आहे. एखाद्या वस्तूचे किंवा प्राण्याचे रूप आणि हालचाल जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी करणे, याला संस्कृत काव्यशास्त्रात स्वभावोक्ती म्हणतात. दंडीने ‘काव्यादर्शा’त अर्थालंकार सांगताना स्वभावोक्तीला पहिले स्थान दिले, उपमा आणि रूपक तिच्यानंतर येतात. इंद्रियांच्या शिक्षणाची आधुनिक पद्धत मारिया माँटेसरी यांनी १९०७ सालापासून रोमच्या बालगृहात घडवली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी ती महाराष्ट्राच्या मातीत रुजवली. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. तिथे महागड्या साधनांची जागा पाने, बिया, शंख आणि खडे यांनी घेतली. लेखन शिकवणाऱ्या शिक्षकालाही याहून वेगळे साहित्य लागत नाही.

डोळा हे सर्वांत तत्पर इंद्रिय, आणि सर्वांत लवकर सरावणारेही तेच. रोजची वस्तू तो पाहतो, पण न्याहाळत नाही. झाडाची पाने हिरवीगार असतात हे मूल न पाहताच लिहिते. त्याला पिंपळाच्या किंवा आंब्याच्या कोवळ्या पालवीजवळ नेले तर ती तांबूस दिसते. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात, हेही जवळ उभे राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिला सराव एकाच वस्तूचा असावा. प्रत्येकाने एक पान घ्यावे, दहा मिनिटे ते उलटसुलट करून पाहावे आणि दुसऱ्या कोणत्याही पानाला लागू पडणार नाही असे एक वाक्य लिहावे. कडेला किडीने पाडलेले भोक, देठाजवळचा पिवळा डाग, मागच्या बाजूची उठावदार शीर असे काही ना काही प्रत्येकाला सापडते. आपले पान इतरांच्या पानांपेक्षा वेगळे आहे, हा शोध मुलांना मनापासून आवडतो.

कानासाठी डोळे मिटावे लागतात. तीन मिनिटे वर्गाने डोळे मिटून बसावे आणि नंतर ऐकलेले आवाज लिहावेत: जवळचे, लांबचे आणि मध्येच थांबलेले. ‘पक्ष्यांचा किलबिलाट’ हा शब्दप्रयोग या सरावात टिकत नाही. भारद्वाज खोल आवाजात घुमतो, टिटवी कर्कश ओरडत उडते, आणि मृगाच्या आधी पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले आहेत. पावसाचा आवाजही एक नसतो. पत्र्यावर तो ताडताड वाजतो, कौलांवर बसका होतो, केळीच्या पानावर टपटपतो आणि छत्रीखाली उभ्या असलेल्याला बाकी काही ऐकू देत नाही. शब्दांनी दृश्य उभे करता येते याचा पुरावा रेडिओनेच दिला आहे. बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी धावते वर्णन ऐकणाऱ्यांनी मैदान न पाहताही सामना पाहिला.

नाक हे मुलांच्या लेखनात सर्वांत दुर्लक्षित राहिलेले इंद्रिय. वास्तविक आठवणीशी त्याचे नाते फार जवळचे आहे. इतर संवेदना मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाची संवेदना त्या वाटेने न जाता भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांपर्यंत थेट पोहोचते. म्हणूनच कापराच्या वासाने एखाद्याला आजोळचे देवघर आठवते. या सरावासाठी झाकणाच्या डब्यांत हिंग, ओवा, सुंठ, कापूर आणि साबणाचा तुकडा ठेवावा. मुलांनी वास ओळखायचाच, शिवाय त्यासोबत आलेली जागा आणि माणूसही लिहायचे. ‘मातीचा सुगंध’ही याच वेळी नीट तपासता येतो. मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि कोरड्या जमिनीवर थेंब आपटले की ते हवेत उडते. म्हणून हा वास पहिल्या सरींचा. भर श्रावणातल्या घरात कुबट कपडे, ओले लाकूड आणि चुलीचा धूर यांचे वास असतात. श्रावणाच्या निबंधात वळवाचा वास आला, तर लिहिणाऱ्याचे नाक तिथे नव्हते हे उघड होते.

जिभेला आपल्या भाषेने भरपूर शब्द दिले आहेत. आळणी, तुरट, खवट, पाणचट, मिळमिळीत, झणझणीत, आंबटढाण, गोडमिट्ट. तरीही निबंधातले जेवण ‘स्वादिष्ट’ या एकाच शब्दावर संपते. आवळ्याचा सराव इथे उपयोगी पडतो. मुलाने आवळा चावावा, मग पाणी प्यावे आणि आधी, मध्ये, शेवटी काय जाणवले ते क्रमाने लिहावे. आधी आंबट, मग जीभ ओढून घेणारा तुरटपणा आणि पाण्याबरोबर गोडवा. चव बदलत जाते, तिला काळ असतो, हे मूल यातून शिकते.

त्वचेचा सराव पिशवीने होतो. पिशवीत घोंगडीचा तुकडा, काथ्या, रिठा, गारगोटी आणि रेशमी चिंधी ठेवावी. मुलाने आत हात घालून न पाहता वर्णन करावे आणि बाकीच्यांनी वस्तू ओळखावी. खरखरीत, राठ, बुळबुळीत, भुसभुशीत, मऊसूत हे शब्द इथे आपोआप बाहेर येतात. स्पर्श फक्त बोटांना होतो असेही नाही. दप्तराचा खांद्यात रुतणारा पट्टा, उन्हात तापलेली सायकलची सीट, ओल्या गणवेशाने अंगावर आलेली शिरशिरी हे सगळे स्पर्शाचेच अनुभव आहेत.

अनुभवापाठोपाठ शब्दांचे काम सुरू होते. मुलांना शब्दांची यादी पाठ करायला देण्यापेक्षा जवळ दिसणाऱ्या दोन शब्दांतला फरक पारखायला द्यावा. डोळे आणि जमीन काळीभोर असते, अंधार काळाकुट्ट असतो. पाने सळसळतात, ओढा खळखळतो, रेशमी साडी सरसरते. दरवळ हवासा वाटतो, भपकारा नकोसा होतो, आणि दर्प नाकात बसून राहतो. घरातल्या आजी-आजोबांकडून, शेतातून, गिरणीतून, मासळीबाजारातून आणलेले शब्द वहीत टिपून ठेवावेत. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी मुलाने बोलीतला नेमका शब्द वापरला, तर शिक्षकाने तो खोडू नये. ज्या शब्दात मुलाने वस्तू पहिल्यांदा अनुभवली, तोच शब्द ती वस्तू सर्वांत जिवंत उभी करतो.

तिसरी पायरी निवडीची. पाच इंद्रियांची ओळख झाली की मुले प्रत्येक वाक्यात पाचही ओततात आणि वर्णन जड होते. एका प्रसंगात एक इंद्रिय पुढे असावे, दुसऱ्या एकदोघांनी त्याला साथ द्यावी. स्वयंपाकघरात नाक पुढे असेल, गिरणीत कान, अंधाऱ्या जिन्यात हात. लिहिणारा कुठे उभा आहे तेही ठरावे, कारण जत्रा पाळण्यातून वेगळी दिसते आणि वडिलांच्या खांद्यावरून वेगळी. विशेषणांपेक्षा नाम आणि क्रियापद नेमके असावे. ‘सुंदर फूल’ म्हणण्याऐवजी ‘सुरंगी’ म्हटले की रंगगंध सोबत येतो, आणि ‘तो जोरात चालला’ याऐवजी ‘तो तरातरा निघाला’ म्हटले की चालण्यातला रागही दिसतो.

एक उदाहरण घेता येईल. आठवडी बाजारावर एखादे मूल लिहिते: ‘बाजारात खूप गर्दी होती. सगळीकडे गोंगाट होता. मला खूप मजा आली.’ शिक्षकाने यावर लाल रेघ न मारता तीन प्रश्न विचारावेत. गर्दी कशावरून कळली? कोणता आवाज सर्वांत मोठा होता? हातात काय होते? तेच मूल पुन्हा लिहिते: ‘मिरच्यांच्या ढिगाजवळ सगळेच खोकत होते. पारड्यात कांदे धडाधड पडत होते आणि तराजूवाला भाव ओरडून सांगत होता. मला फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या. आईच्या पदराचे टोक मी इतके घट्ट धरले होते की ते घामाने ओले झाले.’ इथे ‘गर्दी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. मुलाला थोडी भीती वाटत होती, तेही न सांगता कळते. भावना सांगण्याची ही वाट मुलांना लवकर जमते. घाबरलो, आनंद झाला, वाईट वाटले अशी विधाने खोडून त्या वेळी घसा, पोट आणि तळहात काय सांगत होते ते लिहायला लावावे.

चांगल्या वाचनाची जोड याला हवी. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त वर्षाचे बारा महिने झाडे, फुले, पाखरे आणि आभाळ यांच्या बारीक निरीक्षणातून उलगडतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण शिक्षक माणदेश दाखवतो. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन शाळकरी मुलाच्या डोळ्याकानांनी भोवतालचे जग टिपतो. बालकवींच्या निसर्गकवितांमधला रंग आणि हालचाल मुलांना सहज भिडते. उतारा वाचताना कोणते वाक्य कोणत्या इंद्रियाचे आहे ते मुलांनी ओळखावे. त्यानंतर पुस्तक मिटून आपल्या परिसरावर लिहावे. उताऱ्याची नक्कल करायला लावली तर ठरीव वाक्यांचा एक नवा साठा तयार होतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

शहरातल्या मुलांनी निसर्गाचेच वर्णन करावे असा आग्रह नसावा. लोकलच्या दारातला वारा, लिफ्टचे दार मिटण्याचा आवाज, जिन्यातला फोडणीचा वास, बांधकामाच्या सिमेंटची चव आणणारी धूळ हा त्यांचा खरा अनुभव आहे. दृष्टिहीन किंवा ऐकू न येणाऱ्या मुलाला त्याच्या तीक्ष्ण इंद्रियांवर भर देऊ द्यावा. त्याने वाचून दाखवलेले वर्णन बाकीच्या वर्गाला ऐकण्याचा आणि स्पर्शाचा नवा धडा देते.

शेवटचा मुद्दा मूल्यमापनाचा. अलंकारिक वाक्यांना गुण मिळत राहिले तर मुले अलंकारिक वाक्येच लिहितील. त्यामुळे तपासताना शुद्धलेखनाइतकेच वजन नेमकेपणाला द्यावे. हे मुलाने स्वतः अनुभवले आहे का, दुसऱ्या गावाच्या निबंधात हे वाक्य जसेच्या तसे चालले असते का, आणि वाचणाऱ्याला जागा, वेळ व माणूस कळतो का, या तीन कसोट्या पुरेशा आहेत. त्यांना उतरलेले एक साधे वाक्यही वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. आठवड्यातून एक तास असा सराव वर्षभर चालला, तर एकाच वर्गातल्या मुलांचे पावसावरचे निबंध एकमेकांपासून वेगळे होऊ लागतात. वर्णन शिकवल्याची तीच खूण आहे.