कातडीची रेघ

(कळंब, ता. कर्जत येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. व्हिडिओच्या दुकानात बसून दुसऱ्यांच्या लग्नाच्या चित्रफिती कापणारा-जोडणारा माणूस आहे मी. पोरं म्हणाली, तू मोबाइलवर बघून बघून एडिटिंग शिकलास, कलर ग्रेडिंग शिकलास, ते कसं ते येऊन सांग. म्हणजे आमच्याही पोटापाण्याची सोय होईल. पोटाचं सांगणार आहेच. पण त्याआधी एक गुन्हा कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचं लग्न झालं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे, पांढऱ्या साडीत. शूटिंग मी काम करतो त्याच दुकानाने केलं. एडिटिंग मी केलं. बहीण काळी आहे. आई काळी, मी काळा. त्यात उन्हाचा काही दोष नाही, आम्ही काळेच आहोत. मशीनवर बसलो आणि मी तिला गोरी केली. मला कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला. चेहरा इतका उजळवला की साडीची नक्षी जळून गेली, पडद्यावर नुसता पांढरा चटका राहिला. घरी टीव्हीवर लावलं तेव्हा आईने विचारलं, "ही कोनाची पोर रं?" आम्ही सगळे हसलो. आई हसली नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसून बसलाय. त्याचं उत्तर शोधता शोधता मी जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

दुकानात मी लागलो तेव्हा मालकाने पहिल्या दिवशी एकच मंत्र दिला. नवरी गोरी दिसली पाहिजे, बाकी काही शिकू नकोस. गिऱ्हाईक कुठल्याही जातीचं असो, मागणी तीच. आणि आपली माणसं? तीही तेच मागतात. मनुस्मृती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला ह्याच जिल्ह्यात, महाडला जाळली. पण तिची राख आपल्या डोळ्यांत अजून शिल्लक आहे. आपण स्वतःकडे त्यांच्याच डोळ्यांनी बघतो. हे मी तुम्हाला नाही, आधी मला सांगतोय.

मंत्राने भागेना म्हणून मी स्वतः शिकायला लागलो. दुकान बंद झाल्यावर, रात्री, मोबाइलवर. आमच्या घरात नेटवर्क येत नाही, म्हणून बांधावर जाऊन बसायचं. ह्या आपल्या मुलखात १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला टाटांची वीजघरं उभी राहिली. डोंगरावरचं पाणी पडलं आपल्या उंबऱ्यात आणि त्याची वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. आता नेटवर्कचा मनोराही लांबून दिसतो, त्याचा लाभ मात्र वाड्यांना शेवटी. आपल्याला सगळं शेवटीच मिळतं. पण मिळालं की ते धरायचं, सोडायचं नाही.

काय मिळालं ते ऐका. डाविंची रिझॉल्व्ह नावाचं सॉफ्टवेअर आहे. एके काळी ह्या डाविंचीची रंगयंत्रं लाखो डॉलरला मिळायची. मोठ्या शहरातले मोठे स्टुडिओ सोडले तर तिथे कोणाचा पाय लागत नव्हता. २००९ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने डाविंची विकत घेतली आणि पुढे ह्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती फुकट दिली. कॅमेरे विकायचे म्हणून दिली, आपल्यावर उपकार म्हणून नव्हे. भांडवलदार फुकट देतो तेव्हा त्याचा हिशोब पक्का असतो. असू दे. आपलाही हिशोब पक्का पाहिजे. शिकायची पुस्तकं आणि सरावाच्या क्लिपा कंपनीच्याच साइटवर फुकट आहेत. अडचण एकच, सगळं इंग्रजीत. मी दहावीला इंग्रजीत काठावर पास झालेला माणूस. एक एक शब्द वहीत उतरवला आणि समोर आपल्या बोलीत त्याचा अर्थ लिहिला. ती वही आज इथे आणलीय.

तिच्यातलंच थोडं सांगतो. कलर ग्रेडिंगमध्ये नोड नावाची चीज असते. पोरं तिला घाबरतात. तुम्ही भातखाचरं बघता ना? वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून खालच्यात येतं, खालच्यातून त्याच्या खालच्यात. वर गढूळ केलं तर खाली गढूळच जाणार. नोड म्हणजे खाचर. चित्र एका नोडमधून दुसऱ्यात वाहत जातं. पहिल्यात उजेड नीट करायचा, दुसऱ्यात रंगाचा तोल सांभाळायचा, तिसऱ्यात एखाद्या भागापुरतं काम करायचं. पहिल्यातच अती केलं आणि उजेड कापून टाकला, तर पुढच्या दहा नोडांना तो परत आणणं कठीण. झालं, नोड समजला. ह्याला इंजिनीअर लागत नाही. भात लावलेला माणूस पुरे.

दुसरं, डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. डोळा जातीच्या समाजात वाढलेला असतो. स्वस्त मॉनिटर तर आणखी खोटं बोलतो. म्हणून मोजणारे आलेख असतात, त्यांना स्कोप म्हणतात. वेव्हफॉर्म उजेड दाखवतो, खाली काळोख, वर लख्ख. व्हेक्टरस्कोप रंग दाखवतो, गोल चकतीवर. ह्या चकतीवर लाल आणि पिवळ्याच्या मधून एक तिरपी रेघ जाते. तिचं नाव स्किन टोन लाइन, म्हणजे कातडीची रेघ.

मित्रांनो, ही रेघ मला कळली त्या रात्री मला झोप आली नाही. उजेड नीट धरला असेल, व्हाइट बॅलन्स बरोबर असेल, तर माणूस नॉर्वेचा असो, नायजेरियाचा असो, पुण्याच्या पेठेतला असो की आपल्या कातकरीवाडीतला असो, त्याच्या कातडीचा रंग ह्या एकाच रेघेच्या आसपास पडतो. कातडीतलं रंगद्रव्य आणि कातडीखालचं रक्त मिळून तो रंग बनतो, आणि ते सगळ्यांकडे तेच आहे, कोणाकडे कमी, कोणाकडे जास्त. काळा-गोरा हा फरक मुख्यतः दुसऱ्या आलेखावर दिसतो. तिथे कोणी थोडा खाली, कोणी थोडा वर. बस. आमच्या हजारो वर्षांच्या अपमानाचा कारखाना ज्या वर्णावर चालला, त्या वर्णाला मशीन इतकीच किंमत देतं.

पण मशीन निष्पाप आहे असं समजू नका. मशीन बनवणारा माणूसच असतो. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. ह्या कार्डांना शर्ली कार्ड म्हणायचे. ती बाई बरोबर दिसली म्हणजे सगळं जग बरोबर, असा कारभार कित्येक दशकं चालला. काळ्या माणसाचा चेहरा त्या फिल्मवर डागासारखा उमटायचा, नुसते डोळे आणि दात. काळ्या आयांच्या तक्रारीने फिल्म बदलली नाही. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत, तेव्हा कुठे कंपनीला जाग आली. चॉकलेटला जी इज्जत मिळाली ती माणसाला नव्हती.

आणि पोलरॉइड. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्यांच्या सरकारने काळ्यांना पासबुक सक्तीचं केलं होतं. त्यावरचे फोटो पोलरॉइडच्या यंत्रावर निघायचे. त्या यंत्रात फ्लॅशचा जोर वाढवायला खास बटण होतं. माणसाचा चेहरा नीट यावा म्हणून नव्हे, त्याला नीट पकडता यावं म्हणून. १९७० साली अमेरिकेत, त्याच कंपनीत काम करणारे कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स हे दोन काळे कामगार उभे राहिले. त्यांनी चळवळ केली, बहिष्कार पुकारला. १९७७ साली कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडावं लागलं. ज्यांच्यावरून आपल्या पँथरने १९७२ साली नाव घेतलं, त्याच काळ्या माणसांची ही लढाई. ती रंगाच्या डबीपर्यंत जाऊन भिडलेली होती. आपण अजून डबी उघडलेली नाही.

आता कातरीचं सांगतो. एडिटिंग म्हणजे काय? आधी काय दाखवायचं, मग काय, आणि काय दाखवायचंच नाही, ह्याचा निर्णय. हा निर्णय किती जीवघेणा असतो? ११ जुलै १९९७. घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. गॅसचा टँकर पेटणार होता म्हणून गोळीबार केला, असं सांगण्यात आलं. गुंडेवार आयोगाने ते सांगणं स्वीकारलं नाही. म्हणजे प्रश्न काय होता? आधी काय घडलं, मग काय, आणि कुठे. हा टाइमलाइनचाच प्रश्न आहे. जो क्रम लावतो तो निकाल लावतो. त्या गोळीबाराने शाहीर विलास घोगरे इतका मोडला की त्याने गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षं कॅमेरा चालता ठेवला तेव्हा २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला.

आणि त्याही आधी नामदेव व्हटकर. किती जणांना नाव माहीत आहे? ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. लाखो माणसं रस्त्यावर. एवढ्या मोठ्या सिनेसृष्टीला ती टिपावीशी वाटली नाही. व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकला, पैसे उभे केले आणि ती यात्रा चित्रित केली. आज आपण त्या दिवसाचं जे हलतं चित्र बघतो, ते एका दलित माणसाच्या गहाण पडलेल्या छापखान्याचं आहे. त्या फितीत कोणी गोरं नाही, कोणी काळं नाही. सगळे राखाडी, सगळे रडताहेत.

माझ्या बहिणीच्या फितीकडे परत येतो. आईच्या प्रश्नाने जीव खायला घेतला, तेव्हा ठरवलं की लग्न पुन्हा एडिट करायचं. बहीण जशी आहे तशी. साडीची नक्षी दिसेल अशी. त्यासाठी मूळ फूटेज पाहिजे. दुकानात शोधलं. नव्हतं. कार्ड पुढच्या लग्नाला लागत होतं, डिस्क भरली होती, पुसून टाकलं. उरली ती मी रंगवलेली प्रत. जळलेल्या पांढऱ्यातून नक्षी परत येत नाही. कुठलाही नोड लावा, येत नाही. माझ्या बहिणीचा त्या दिवसाचा खरा चेहरा आता जगात कुठेच नाही. तो मी पुसला. आमच्या घरात हे कोणी बोलत नाही. मी आज चारचौघांत बोलतोय.

म्हणून माझं मागणं ऐका. इथे ठराव आलाय की वर्गणी काढून दोन पोरांना पैसे भरून ऑनलाइन कोर्सला घालायचं. माझा विरोध आहे. शिकण्याला नाही, बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्दच पहिला ठेवला. विरोध दलालीला आहे. पन्नास-पन्नास हजार घेऊन, नोकरीचं गाजर दाखवून हातात सर्टिफिकेट देणारे बाजारात खूप आहेत. ह्या धंद्यात सर्टिफिकेट कोणी बघत नाही, काम बघतात. त्याच पैशात एक मशीन घेऊ. सोळा जीबी रॅम, एक जुनं पण चांगलं ग्राफिक कार्ड आणि दोन डिस्का. जड फाइल मशीनला झेपली नाही तर तिची हलकी प्रत, म्हणजे प्रॉक्सी करून काम करायचं. मशीन समाजमंदिरात राहील, कोणाच्या घरात नाही. वही मी देतो. जो शिकेल त्याने दोघांना शिकवायचं, त्यातली एक पोरगी पाहिजे.

आणि तीन नियम. पहिला, मूळ फूटेजला हात लावायचा नाही, त्याच्या दोन प्रती, दोन ठिकाणी. दुसरा, कोणी मारलं, वस्तीत घुसलं, पाण्यावरून अडवलं आणि ते चित्रित झालं, तर आधी फाइल जशीच्या तशी जपायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक फ्रेम कापली तरी ठसा बदलतो. सुंदर करायच्या नादात आपणच आपला पुरावा मारायचा नाही. आणि हेही लक्षात ठेवा, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ (१०) प्रमाणे ह्या गुन्ह्यांच्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे. ते मागायचं. आपल्याला कॅमेऱ्यातलं कळतं, हे त्यांनाही कळलं पाहिजे.

तिसरा नियम, कोणाला गोरं करायचं नाही. गिऱ्हाईक भांडेल, पैसे कापेल. त्याला स्कोप दाखवा, रेघ दाखवा. नाही पटलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल. जाऊ दे. नागराज मंजुळेने २०१३ साली 'फँड्री'त जब्याचा चेहरा उजळ करून विकला नाही. लोकांनी तिकीट काढून पाहिला.

ह्या खालापुरात २००५ साली नितीन देसायांनी एन. डी. स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'चा आग्र्याचा किल्ला तिथे लाकडा-प्लास्टरचा उभा राहिला. असल्या किल्ल्यांच्या फळ्या आपल्यासारख्यांनीच वाहायच्या, हे ठरलेलंच असतं. फळ्या वाहायला लाज नाही. पण अंधाऱ्या खोलीत बसून कोणाचा चेहरा किती दिसेल हे ठरवणारी खुर्चीही आहे, आणि तिच्यावर बसायला आता दिल्ली-मुंबईची परवानगी लागत नाही.

येत्या रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात या. पहिला धडा म्हणून मी माझ्या आईचा फोटो घेऊन येणार आहे. तिचा चेहरा रेघेवर आणायचा, आणि एक पैसाही उजळ करायचा नाही. मग तिलाच बोलावून विचारू, ही कोण?

जय भीम.