आजी कुठे गेली?



मी काही व्याख्याती नव्हे. घरी घडले तेच सांगते.

सासूबाई वारल्या तेव्हा आमचा धाकटा चार वर्षांचा होता. “आजी कुठे गेली?” असे त्याने विचारले आणि मी चटकन बोलून गेले, “देवाच्या गावाला.” झाले! रोज संध्याकाळी स्वारी दाराशी वाट पाहत बसू लागली. गावाला गेलेले माणूस परत येते, एवढेच त्याला ठाऊक. तेराव्याच्या दिवशी तो हळूच म्हणाला, “मी आजीची काठी लपविली होती. म्हणून ती येत नाही का ग?”

माझ्या काळजात चर्र झाले. त्याला मांडीवर घेऊन म्हटले, “नाही रे बाळ. आजी फार म्हातारी झाली होती. तिचे शरीर थकून बंद पडले. आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही. ती परत येणार नाही. पण त्यात तुझी काही चूक नाही.” तो रडला, मीही रडले. मग त्याने काठी आणून तिच्या कोपऱ्यात ठेवली.

हंगेरीतील मारिया नॉज या बाईंनी मुलांच्या मरणविषयक कल्पनांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुले मरण म्हणजे प्रवास किंवा झोप समजतात, असे त्यांना आढळले. आपण “गावाला गेली”, “झोपली” म्हणून तोच समज पक्का करतो!

मूल पुन्हा पुन्हा विचारील. न कंटाळता, जवळ घेऊन, खरे तेच सांगावे.