उन्हाळ्याची सुट्टी आणि निष्क्रिय खाती

(रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)

पंख्याखालची जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधीच येऊन बसलेल्या माझ्या समवयस्क मित्रमैत्रिणींनो,

सेक्रेटरींनी मला विषय दिला 'उन्हाळ्याची सुट्टी' आणि वेळ दिली पंधरा मिनिटं. मी ३८ वर्षं बँकेत काढली. आमच्या वेळी दोन वाजता कॅश बंद म्हणजे बंद. त्यामुळे वेळेची काळजी करू नका.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. एप्रिलमध्ये परीक्षा संपली, की माळ्यावरच्या ट्रंका खाली यायच्या. आजोळ रत्नागिरीजवळ. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडायचं होतं. आम्ही जायचो भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. बोट रत्नागिरीला धक्क्याला लागत नसे, समुद्रात लांब उभी राही. मग ट्रंका, वळकट्या आणि पोरं, सगळं एकापाठोपाठ एक पडावात उतरवायचे. आई डोळे मिटून रामरक्षा म्हणायची आणि आम्हाला वाटायचं, सुट्टी सुरू झाली ती इथे.

आजोळी मावस-मामेभावंडं, शेजारपाजारची मुलं, अशी वीसेक टाळकी जमायची. सकाळी मेतकूट-मऊभात, मग करवंदं, फणसाचे गरे, दुपारी ओटीवर पत्ते. आज नवल वाटतं ते एका गोष्टीचं. वर्षभर आमचं एकमेकांना ना पत्र, ना फोन. तरी मे महिन्यात पहिल्याच दिवशी आदल्या वर्षीचं भांडण जिथे थांबलं होतं, तिथून पुढे सुरू व्हायचं! मैत्री टिकावी म्हणून आम्ही वेगळं काहीच करत नव्हतो. ते काम शाळेचं वेळापत्रक करत होतं. सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी, सगळे एकाच घरी. भेट ठरवावी लागत नव्हती.

नोकरीतही काही वर्षं असंच झालं. फक्त शाळेच्या जागी बँकेचं बदली खातं आलं. १९७२ साली क्लार्क म्हणून लागलो, १९७६ साली ऑफिसर झालो आणि पहिली बदली झाली परतवाड्याला. अमरावती जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याशी. नकाशात गाव शोधायला मला दहा मिनिटं लागली होती. मुंबईहून नागपूरच्या गाडीने मुर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून 'शकुंतला'. ही नॅरोगेजची आगगाडी. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने टाकलेली लाईन. वाफेचं इंजिन, आणि अचलपूरपर्यंतच्या ७६ किलोमीटरला चारेक तास. वाटेत एखादा पाहुणा शेतातून हात करत धावत आला, तर गाडी त्याच्यासाठी दमाने घ्यायची असं लोक सांगत. मी शपथेवर सांगणार नाही, पण मला ते खोटं वाटलं नाही.

परतवाड्याला आम्ही तिघं ब्रह्मचारी एका दोन खोल्यांच्या घरात राहायचो. नावाने कुणी कुणाला हाक मारली नाही. मी मुंबईकर, दुसरा कोल्हापूरकर आणि तिसरा तिथलाच, वऱ्हाडी. आजही तीच नावं चालू आहेत, म्हणून इथेही तीच वापरतो.

पहिल्या मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला आणि कोल्हापूरकराने बदलीचा अर्ज लिहायला घेतला. वऱ्हाडी हसत म्हणाला, "काहून बे, एवढ्यातच? आजून नवतपा लागाचा हाये!" नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, साधारण २५ मेपासूनचे. हा शब्द आम्ही दोघांनी पहिल्यांदाच ऐकला. त्या गड्याने आम्हाला उन्हाळा शिकवला. बाहेर पडण्याआधी पोटभर पाणी प्यायचं. डोक्याला आणि कानाला दुपट्टा. खिडकीला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर पाणी मारायचं. सूर्य बुडाला, की गच्चीवर बादल्या ओतायच्या आणि गच्ची निवली की तिथेच अंथरुणं टाकायची. त्याच्या आईकडचे रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि आमरसाबरोबर सरगुंडे मी तिथेच पहिल्यांदा खाल्ले. मी घरून हापूसची पेटी न्यायचो. तो एक आंबा खाऊन म्हणायचा, "बरा हाये. पण रस कुठी हाये यात?" त्याला गावरान आंब्याचा पातळ रस वाटीने प्यायची सवय.

शनिवारी अर्धा दिवस बँक. कॅश टॅली झाली, की एस.टी. पकडून आम्ही चिखलदऱ्याला पळायचो. खाली होरपळ आणि वर घाट चढला की रात्री चादर लागते. महाराष्ट्रात कॉफीचे मळे आहेत हे मला तिथे गेल्यावर कळलं. गाविलगड किल्ल्याच्या तटावर बसून आम्ही तिघांनी लग्न, प्रमोशन, घराचे हप्ते अशा पुढच्या आयुष्यातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लावला होता. त्यातलं जवळजवळ काहीच ठरल्याप्रमाणे घडलं नाही, तो भाग वेगळा.

१९७९ ला तिघांच्या तीन दिशांना बदल्या झाल्या. मग इनलँड लेटरं, मग दिवाळीची कार्डं, मग एकमेकांच्या मुलांच्या लग्नपत्रिका. बदल्या, मुलांच्या शाळा, आईवडिलांची आजारपणं, यात प्रत्येकाचं आयुष्य भरलेलं होतं. निवृत्तीनंतर व्हॉट्सॲप आलं आणि तिघांचा ग्रुप झाला. रोज सकाळी गुलाबाचं फूल, सुविचार, सणाच्या शुभेच्छा. बाकी सगळं ठीक.

आता थोडं बँकेचं सांगतो. बचत खात्यात ग्राहकाने स्वतः दोन वर्षांहून अधिक काळ काही व्यवहार केला नाही, तर ते खातं निष्क्रिय होतं. बँक त्यात व्याज जमा करत असते, पासबुकात ओळी वाढत असतात. पण तो ग्राहकाचा व्यवहार धरत नाहीत, कारण ते व्याज आपोआप पडलेलं असतं. खातं चालू करायचं, तर खातेदाराने आपली ओळख नव्याने पटवून स्वतः व्यवहार करायचा. त्याला चार्ज नाही. दहा वर्षं कुणीच फिरकलं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जातात. तिथूनही ते खातेदाराला किंवा वारसाला परत मिळतात, बुडत नाहीत.

आमच्या ग्रुपवरची फुलं आणि सुविचार हे मला त्या व्याजासारखं वाटतं. नोंदी रोजच्या, पण व्यवहार नाही. आणि मैत्रीच्या खात्यात एक मोठा फरक आहे. तिथे वारसाला काही मिळत नाही. जे आहे ते दोन्ही खातेदार हयात असतानाच काढायचं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वऱ्हाडीच्या सूनबाईचा फोन आला. "काका, बाबांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलंय, पण लावत नाहीत. आई गेल्यापासून बोलणंच बंद झाल्यासारखं आहे. एप्रिलमध्ये त्यांची पंच्याहत्तरी आहे. तुम्ही दोघं याल का?"

आमच्या घरी यावर सभा भरली. मुलगा म्हणाला, "बाबा, या उन्हात वऱ्हाडात? व्हिडिओ कॉल करा ना." मी म्हटलं, "अरे, ज्याला ऐकू येत नाही त्याला कसला कॉल?" डॉक्टरांना विचारलं. त्यांनी अटी घातल्या. गोळ्या वेळेवर, आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं, कारण या वयात तहान उशिरा कळते. शिवाय अकरा ते चार बाहेर पडायचं नाही. सगळ्या मान्य केल्या. कोल्हापूरकर आदल्या दिवशी डोंबिवलीला आमच्याकडे आला आणि कल्याणहून आम्ही रात्रीच्या गाडीने अमरावती गाठली. शकुंतला आता धावत नाही, म्हणून पुढे परतवाड्याची एस.टी. पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी.त मोफत, पासष्टपासून अर्धं तिकीट. कोल्हापूरकर ७६ चा, मी ७४ चा. कंडक्टरने त्याला शून्याचं आणि मला अर्धं तिकीट दिलं, तेव्हा गडी म्हणाला, "बघ लेका, सीनियॉरिटी म्हणजे काय ते!"

वऱ्हाडी दारातच उभा होता. "आले का बे," म्हणाला आणि आम्हाला धरून आत नेलं. पण बसल्यावर बोलणं काही पुढे सरकेना. आम्ही मोठ्याने बोलायचो, तो "हो, हो" म्हणून मान हलवायचा. थोड्या वेळाने लक्षात आलं, की भलत्याच प्रश्नाला पण तो "हो"च म्हणतोय. पुन्हा पुन्हा "काय?" विचारायचा त्याला संकोच वाटत होता.

तेवढ्यात कोल्हापूरकराने कोपऱ्यातली नातवाची पाटी उचलली आणि खडूने लिहिलं, 'शकुंतला आज वेळेवर आली का?' आमच्या शाखेत उशिरा येणाऱ्याला रोज हाच प्रश्न विचारला जायचा. वऱ्हाडीने वाचलं आणि असा काही हसला, की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. मग आम्ही लिहायचं आणि त्याने बोलायचं, असं सुरू झालं. दोन दिवसांत खडूचे अर्धा डझन तुकडे संपले. लेजर न जुळलेली ती रात्र, घरमालकाची म्हैस, त्याच्या बायकोचं शेवटचं आजारपण, सगळं निघालं. ते आजारपण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "मले आयकू येत नाही, तं लोकाईले वाटते मले समजतच नाही." खोलीत कुणी काही बोललं नाही. नातू मात्र पाटी पुसून घेऊन आला आणि त्याने लिहिलं, 'आजोबा, मला समजतं.'

मशीनचाही प्रश्न तिथेच सुटला. कोल्हापूरकराने स्वतःच्या कानातलं मशीन काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि पाटीवर लिहिलं, 'मलापण आधी नुसती खरखर यायची. चार वेळा सेटिंग करून आणलं. दोन महिने लागले.' मुलाने आणि सुनेने वर्षभर समजावून जे जमलं नव्हतं, ते बरोबरीच्या माणसाच्या एका ओळीने झालं. त्यांचं सांगणं चुकीचं होतं असं नाही. पण काही गोष्टी आपल्याच बॅचच्या माणसाकडून पटतात. आता तो मशीन लावतो. सगळं ऐकू येतं असं नाही, पण समोर बसून सावकाश बोललं तर कळतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या मुलाने गाडीने चिखलदऱ्याला नेलं. किल्ला चढलो नाही. तिघांनी कॉफी घेतली आणि ऊन चढायच्या आत खाली आलो. ग्रुपवरची फुलं तेव्हापासून बंद आहेत. आता आठवड्यातून एकदा प्रत्येकाने स्वतःच्या चार ओळी लिहायच्या. काय खाल्लं, काय दुखतंय, कुणाशी भांडण झालं. कधी कधी तीच ओळ पुन्हा येते. चालतं.

मित्रहो, हे सगळं आपल्या सोसायटीच्या मेळाव्यात कशाला सांगतोय? आपल्या ४८ फ्लॅटमध्ये आज निम्म्याहून अधिक घरांत एक तरी निवृत्त माणूस आहे. आपल्याला आता बाराही महिने सुट्टी आहे, पण भेट घडवून आणणारं वेळापत्रक राहिलेलं नाही. शाळा ते करत होती, नोकरी करत होती, लग्नकार्यं करत होती. आता ते आपणच करायचं. गुडघे चालतायत, लोअर बर्थ मिळतोय, समोरच्याला आपला चेहरा ओळखू येतोय, तोवर.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, माझ्या बरोबरीच्यांना. प्रत्येकाने एक निष्क्रिय खातं निवडावं. ते परतवाड्याला असेलच असं नाही. फ्लॅट विकून मुलाकडे गेलेले आपले जुने शेजारी असतील, किंवा पार्किंगच्या वादापासून न बोललेले वरच्या मजल्यावरचे गृहस्थ असतील. तिथे तर एस.टी.ही लागत नाही, लिफ्ट पुरते.

दुसरी, तरुण मंडळींना. वडील किंवा आई म्हणाले, "मला अमक्याला भेटायला जायचंय," तर पहिला शब्द 'नको' नसावा. डॉक्टरांना विचारा, तिकीट काढून द्या. रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० पासून बंद आहे, पण लोअर बर्थचा कोटा आहे. सकाळची किंवा रात्रीची गाडी बघा, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या टाका.

तिसरी, ज्यांना प्रवास जमत नाही त्यांना. तुम्ही बोलवा. या वर्षी मीही पंच्याहत्तरी पूर्ण केली, त्यामुळे आता मलाही एस.टी. फुकट आहे. मे महिन्यात वऱ्हाडी आणि कोल्हापूरकर दोघंही इथे डोंबिवलीला आमच्याकडे येणार आहेत. त्यांना तुमच्याशीही गप्पा मारायच्या आहेत. बी विंगच्या बाकावर संध्याकाळी या. पाटी आणि खडू मी आणून ठेवलाय.