गोल करंडकांची वंशावळ

नांदेडला गोदावरीच्या घाटावरून पाण्यात उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या जपून उतराव्या लागतात. दगडावर तपकिरी, बुळबुळीत साय धरलेली असते. आपण तिला शेवाळ म्हणतो नि मोकळे होतो. पण त्यातली चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर काचेच्या नक्षीदार डब्या दिसू लागतात. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूचेच द्रव्य, शोषून एकेका पेशीने स्वतःभोवती घडवलेली ही डबी. वर झाकण, खाली तळ, एकात एक बसलेले. यांना डायाटम म्हणतात. मराठीत करंडक वनस्पती. नाव मोठे चपखल आहे, पण रुळले नाही खरे!

घाटावरचे करंडक बहुतेक लांबट, होडीसारखे. गोल पाहिजेत तर जलाशयाचे पाणी बरे. गोड्या पाण्यात दोन गोल जाती नेहमीच्या: सायक्लोटेला ही बुटकी टिकली, आणि आउलाकोसायरा हे नळकांडे, एकाला एक जोडून साखळी करणारे. १८९६ साली श्युट या जर्मन शास्त्रज्ञाने सगळ्या करंडकांचे दोनच गट केले, गोल आणि लांबट. डोळ्यांना पटणारी वाटणी. ती शंभर वर्षे टिकली यात नवल नाही.

पण दिसण्यावरून नाते ठरते का? पेशीतील आनुवंशिक द्रव्य वाचता येऊ लागले तेव्हा निराळेच दिसले. २००४ साली मेडलिन आणि काच्मार्स्का यांनी नवी मांडणी केली. तीत आपली सायक्लोटेला, गोल असूनही, होडीवाल्यांच्या जवळची ठरली आणि आउलाकोसायरा दूरची! म्हणजे 'गोल' हे एक कुळ नव्हेच. लांबट करंडक हे गोलांच्याच एका शाखेतून पुढे फुटले. नव्या गटांच्या सीमांवर अजून वाद आहे, पण जुनी दुफळी मोडली हे नक्की.

दगडांची साक्ष काय? अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळातून काढलेल्या, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात करंडकांचे सुरेख अवशेष मिळाले. गेरसोंडे आणि हारवुड यांनी १९९० साली त्यांचे वर्णन केले. ते सारे गोल घराण्यांतले. लांबट पुष्कळ नंतर येतात. त्याहून जुन्या, जुरासिक काळातल्या करंडकांचा दावा रोथप्लेट्झने केला होता, तोही १८९६ सालीच. पण पुन्हा कुणाला ते सापडले नाहीत. अडचण अशी की ही काच कच्ची. खोल गाडली गेली की ती विरघळते, नाहीतर गारगोटी होऊन नक्षी पुसते.

हे सगळे समुद्रातले. गोड्या पाण्यात करंडक केव्हा शिरले? इथे आपला काळा कातळ बोलतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा थांबत थांबत वाहिला. मधल्या विश्रांतीत तळी साचली, त्यांचा गाळ पुढच्या थराखाली झाकला गेला. अशा गाळातून, आणि लाव्हाखालच्या लॅमेटा थरातून, आउलाकोसायरा मिळाल्याचे भारतीय संशोधकांनी २००३ साली जाहीर केले. तोवर ज्ञात असलेले गोड्या पाण्यातले ते सर्वांत जुने करंडक, असे त्यांचे म्हणणे.

लातूर जिल्ह्यात किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्हाचे थर सुमारे ३३८ मीटरवर संपले. खाली काही मीटर जुना गाळ, मग मूळ खडक. नांदेडकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, लाव्हाचा काठच संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. तेव्हा विहीर खोदताना दोन काळ्या थरांमध्ये पांढुरका, गोगलगायींचे शंख असलेला पट्टा लागला, तर ढेकूळ फेकू नका. किती खोलीवर मिळाले ते लिहून ठेवा आणि नांदेडच्या विद्यापीठातील भूविज्ञानवाल्यांना दाखवा. मात्र ढेकूळ धुऊ नका हं! विहिरीच्या पाण्यात आजचे करंडक असतात. ते भेगांत शिरले की सहा कोटी वर्षांचे म्हणून मिरवतात. तपासायचा तो ढेकळाचा आतला, न भिजलेला भाग.