चंदन : सहाणेवरचे आणि बाटलीतले
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लेखी मसुदा)





सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चंदनाच्या तेलाविषयी चार शब्द सांगावेत, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. मी व्यवसायाने कापड व्यापारी. वैद्य किंवा रसायनशास्त्रज्ञ नव्हे. म्हणून हा विषय मी ग्राहकाच्या आणि व्यापाऱ्याच्या नजरेने मांडणार आहे. माल काय आहे, त्याचा उपयोग किती आणि तो आला कोठून, हे तीन प्रश्न आपण कापड घेताना विचारतो. तेच आज चंदनाला विचारू.

चंदनाशी आपले नाते जन्मापासूनचे आहे. अष्टप्रकारी पूजेत जलपूजेनंतरचे स्थान चंदनपूजेचे. सहाणेवर उगाळलेल्या केशर-चंदनाने प्रभूंच्या नऊ अंगांना आपण तिलक करतो, तो अंतःकरणाच्या शीतलतेची प्रार्थना करीतच. तोच सुगंध आता 'अरोमाथेरपी' म्हणजे सुगंधोपचार या नावाने लहान बाटल्यांतून घरोघरी पोहोचला आहे. सहाणेवरच्या खोडाची पारख आपल्या वडीलधाऱ्यांना होती. बाटलीची पारख मात्र आपल्याला नव्याने शिकावी लागेल.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदरात चंदन पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. ते बहुधा रक्तचंदन असते. तो आंध्र प्रदेशातील शेषाचलम डोंगररांगांतला, शेंगांच्या कुळातील निराळाच वृक्ष. त्याचे लाकूड लाल, मोलाचे. पण त्यात आपल्या चंदनाचा सुगंध नाही. सुगंधी तेल देणाऱ्या श्वेतचंदनाचे शास्त्रीय नाव 'सँटलम आल्बम'.

हा वृक्ष अर्धपरोपजीवी आहे. तो आपली मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांत रोवून काही पोषण तेथून घेतो. त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वास नसतो. सुगंध असतो तो गाभ्यात, आणि तो गाभा पुरेसा भरण्यास अनेक वर्षे, कित्येकदा दोन-तीन दशके लागतात. मुळांत तेल विशेष असल्याने झाड बुंध्याशी न कापता मुळासकट उपटले जाते. गाभ्याचा भुगा करून त्यातून दीर्घकाळ वाफ सोडली जाते आणि वाफेबरोबर येणारे तेल थंड करून वेगळे काढले जाते. चांगल्या प्रतीच्या 100 किलो गाभ्यातून साधारणतः 3 ते 5 किलो तेल मिळते. म्हणजेच बाटलीतल्या प्रत्येक थेंबामागे एका वृक्षाचे आयुष्य उभे आहे.

व्यापाराच्या दृष्टीने म्हैसूरचा इतिहास बोधप्रद आहे. पूर्वी तेथील चंदनाचे लाकूड परदेशी जाई आणि तेल तिकडे निघे. पहिल्या महायुद्धामुळे ती वाट बंद झाली, तेव्हा महाराजा कृष्णराज वाडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकीर्दीत 1916 मध्ये संस्थानाने स्वतःच तेल गाळण्यास प्रारंभ केला. त्यातूनच पुढे म्हैसूर सँडल साबण जन्मास आला. कच्चा माल विकणारा आणि पक्का माल विकणारा यांतला फरक आपल्या समाजाला वेगळा सांगावयास नको.

आता उपयोगाकडे वळू. 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ केला तो रेने-मोरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने, 1937 च्या आपल्या ग्रंथातून. चंदनतेल मन शांत करते, असा अनुभव अनेकजण सांगतात. 2004 मध्ये 'प्लँटा मेडिका' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी व्यक्तींना वास येणार नाही अशी व्यवस्था करून तेल त्वचेवर चोळले होते. तेव्हा शरीराच्या काही मोजमापांत शिथिलता आढळली, मात्र मनाची सावधता ढळली नाही. 2014 मध्ये जर्मनीतील बोखुम येथील शास्त्रज्ञांना त्वचेच्या पेशींतच गंध ओळखणारा एक ग्राहक आढळला, आणि चंदनासारख्या कृत्रिम गंधद्रव्याने प्रयोगशाळेत जखम भरण्याच्या क्रियेला चालना मिळाली. या गोष्टी आशादायक आहेत. परंतु एवढ्यावरून चंदनतेल रक्तदाब उतरवते किंवा निद्रानाश बरा करते, असे सांगणे म्हणजे साध्या सुताला रेशीम म्हणणे होय. डॉक्टरांची गोळी बंद करून बाटलीचे बूच उघडू नये.

वापरण्याची रीत सोपी आहे. 30 मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात चंदनतेलाचे 6 थेंब टाकले की सुमारे 1 टक्क्याचे मिश्रण होते. मालिशसाठी एवढे पुरे. प्रथम ते हाताच्या आतल्या बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास वापरू नये. ते पोटात घेऊ नये. गर्भवती भगिनींनी आणि लहान बालकांच्या बाबतीत पालकांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे. सामायिकात किंवा स्वाध्यायात मन स्थिर होण्यास सुगंध साहाय्यक ठरू शकेल; सामायिकाची जागा तो घेऊ शकत नाही.

यानंतर मालाची पारख. कापडाच्या पेढीवर एक धागा उपसून जाळला, की केस जळल्यासारख्या वासावरून अस्सल रेशीम कळते. तेलाची अशी घरगुती परीक्षा नाही. अस्सल तेल दाट असते, प्रारंभी सौम्य वाटते आणि दीर्घकाळ दरवळते. पण खात्री होते ती प्रयोगशाळेतच. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यात अल्फा-सँटलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा-सँटलॉल 16 ते 24 टक्के असावे लागते. 'वेस्ट इंडियन सँडलवूड' या नावाने मिळणारे तेल तर चंदनाचे नसतेच; ते अमायरिस नावाच्या वेगळ्याच झाडाचे. प्रयोगशाळा हाताशी नसेल, तर त्रैराशिक आहेच. अस्सल तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर असतो. मग 10 मिलिलिटरची बाटली हजार रुपयांच्या खाली परवडणार कशी? शंभर रुपयांत 'शुद्ध चंदनतेल' देणारा दुकानदार दानशूर तरी असावा किंवा लेबल तरी खोटे असावे.

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हा माल आला कोठून? पुण्यातील संस्थांच्या आवारांतून आणि बंगल्यांच्या बागांतून रातोरात चंदनाची झाडे कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार चंदन परवानगीवाचून तोडता येत नाही. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तामिळनाडूने 2002 मध्ये शेतकऱ्याला त्याच्या जमिनीवरील चंदनाची मालकी दिली. त्यामुळे लागवडीचे, कागदपत्रे असलेले चंदन मिळण्याची वाट खुली झाली.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत दोन आपल्या पेढीशी थेट संबंधित आहेत. 'तदाहृतादान' म्हणजे चोराने आणलेला माल घेणे आणि 'प्रतिरूपक व्यवहार' म्हणजे अस्सलात नकली मिसळून विकणे. चोरीचे खोड आणि भेसळीचे तेल, दोन्ही त्यात आले. स्वतः कुऱ्हाड चालविली नाही, एवढ्याने आपण सुटत नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टपुढे माझी नम्र सूचना आहे. देरासरासाठी चंदन घेताना पक्के बिल आणि वनखात्याचा वाहतूक परवाना पाहूनच घ्यावे, त्याची नोंद हिशेबाच्या वहीत राहावी आणि उगाळावे तेही पूजेला पुरेल इतकेच. घरच्या बाटलीवरही झाडाचे शास्त्रीय नाव आणि उत्पादकाचा पत्ता पाहावा. चंदनासारखे झिजावे, असा उपदेश आपण सभांतून नेहमी ऐकतो. झिजणारे ते खोड आपल्या हाती न्यायाने आले की नाही, हे पाहणे हीसुद्धा पूजाच आहे.