चाकणचा मावळा, पंचाहत्तर मिलिमीटरचा

शिफ्ट सुटून तळेगाव चौकात अडकला असाल तर उत्तम. हॉर्न वाजवून काही होणार नाही, त्यापेक्षा ऐका. आजचा एपिसोड एका माणसाबद्दल आहे. त्याची उंची माझ्या करंगळीपेक्षा जराशीच जास्त. पंचाहत्तर मिलिमीटर. आणि तो रेझिनचा आहे.

सुरुवात झाली जूनमध्ये. माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत सांगितलं होतं, या दिवाळीत आपापल्या गावचा किल्ला करा. मी लगेच म्हटलं, "मग आपण औशाचा करू." मी मूळचा औशाजवळचा, लातूर जिल्ह्यातला. तिथं चांगला भुईकोट किल्ला आहे. तर ती माझ्याकडे बघून म्हणते, "पप्पा, आपलं गाव चाकण आहे ना?"

खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही. अकरा वर्षं मी चाकणमध्ये राहतो. एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काम करतो, आधी कॉन्ट्रॅक्टवर, आता कायम. पत्ता सांगताना मी अजूनही "सध्या चाकणला" असं म्हणतो. आणि चाकणचा किल्ला, संग्रामदुर्ग, माझ्या खोलीपासून चालत दहा मिनिटांवर. एकदाही आत गेलो नव्हतो. मुलगी जन्मली इथंच. तिच्यासाठी "सध्या" वगैरे काही नाही.

म्हणून ठरवलं. किल्ला चाकणचा करायचा, आणि त्यावर बाजारातल्या मातीच्या मावळ्यांसोबत एक मावळा आपण स्वतः रंगवलेला ठेवायचा.

माझा एक मित्र भोसरीत प्रोटोटाइपचं काम करतो. सिलिकॉनचा मोल्ड बनवायचा, त्यात दोन भागांचं पॉलियुरेथेन रेझिन मिसळून ओतायचं, घट्ट झालं की पार्ट बाहेर. त्याला लहान मूर्तींचा नाद आहे. त्यानं एक मावळा दिला, सात तुकड्यांत. धड, डोकं, दोन हात, तोड्याची बंदूक, पाठीवरची ढाल, कमरेची तलवार.

आता गंमत ऐका. पेंट शॉपमध्ये आमचा पहिला धडा असतो, आधी पत्रा धुवा. तेल राहिलं की रंग पकडत नाही. हे मी नव्या पोरांना रोज सांगतो. आणि घरी मी काय केलं? तुकडे तसेच चिकटवले आणि प्रायमर मारला. दुसऱ्या दिवशी नखानं खरवडला तर सालासारखा निघाला. मोल्डमधून पार्ट सुटावा म्हणून आत एक रसायन मारतात, ते रेझिनवर राहतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, एवढंच लागतं. पाचच मिनिटांचं काम, पण मी आळस केला.

सगळं परत काढलं. तुम्ही करणार असाल तर नीट ऐका. रेझिन ओततात त्या जागी जाड दांडी राहते, ती बारीक करवतीनं कापा. नंतर पॉलिश पेपर घ्या, पण घासायचं पाण्यात बुडवून. ही धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. मास्क लावा, खिडकी उघडा, लहान मूल खोलीत नको. तलवार वाकडी आली असेल तर जोर लावू नका, मोडेल. गरम पाण्यात बुडवा, मऊ होते, सरळ करा, मग गार पाण्यात धरा. प्लॅस्टिक मॉडेलचा गम इथं चालत नाही, कारण तो प्लॅस्टिक वितळवून जोडतो आणि रेझिन त्यानं वितळत नाही. फेविक्विक चालतं. पण हातासारखा भाग नुसत्या फेविक्विकवर टिकत नाही. दोन्हीकडे बारीक भोक पाडून आत पितळी तार घालायची. सांध्यातली फट एम-सीलनं भरायची. बाहेरगावचे लोक महागडी पुट्टी वापरतात, आपलं गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे काम भागतं.

जुलैत पहिला मावळा तयार झाला. भगवं मुंडासं, पांढराशुभ्र अंगरखा, तलवारीची मूठ सोनेरी. कॅलेंडरवरचाच जणू. शेवटी मॅट वार्निशचा स्प्रे मारला. बाहेर धो धो पाऊस. आणि डोळ्यांदेखत माझा मावळा पांढुरका झाला, आरशावर वाफ धरावी तसा. याला आम्ही कामावर ब्लशिंग म्हणतो. हवेत दमटपणा जास्त असला की वार्निश सुकताना त्यात ओल अडकते. वर्षानुवर्षं हीच चूक मी दुसऱ्यांच्या कामात पकडत आलोय!

मुलगी शेजारी उभी होती. म्हणाली, "पप्पा, हा पावसात भिजलाय का?" आणि मग, "पावसात बंदूक चालते का?"

तेव्हा पहिल्यांदा मी नीट वाचायला बसलो.

२१ जून १६६० ला शाहिस्तेखानानं चाकणला वेढा घातला. औरंगजेबाचा मामा, हाताशी प्रचंड फौज. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि थोडीशी माणसं. डोंगर नाही, कडा नाही. सपाट जमिनीवरचा कोट, भोवती खंदक, बस. मदत येईल म्हणावं तर शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात. जुलैत ते तिथून निसटून विशाळगडाला पोचले, पण चाकणला कुणी येणं शक्य नव्हतं. तरी हा किल्ला जवळजवळ पंचावन्न दिवस लढला. जून, जुलै, ऑगस्ट. म्हणजे ऐन पावसाळा.

मोगलांनी ईशान्येच्या बुरुजाखाली भुयार खणून सुरुंग भरला. १४ ऑगस्टला तो उडवला. बुरुज गेला, बुरुजावरची माणसं गेली. मोगल धावून आले, तर मागं मातीचा आणखी एक बांध तयार! तिथून परत बंदुका, बाण, दगड. तो दिवसही निभावला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. जदुनाथ सरकारांनी मोगलांचं नुकसान २६८ ठार आणि ६०० जखमी असं दिलं आहे. खानानं फिरंगोजींना बादशाही चाकरी देऊ केली. ते नाही म्हणाले आणि महाराजांकडे परतले.

मी १५ ऑगस्टला, सुट्टीच्या दिवशी, मुलीला घेऊन किल्ल्यात गेलो. चिखल, गवत, तटाचे उरलेले भाग, खंदक, सभोवती घरं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू येत होती. आम्ही तासभर भिजत फिरलो. घरी आलो तेव्हा तिचे बूट, माझी पँट, सगळं एका रंगाचं झालं होतं. मी टेबलावरचा मावळा पाहिला. पांढराशुभ्र अंगरखा! पंचावन्न दिवस पावसात? आणि आम्ही एका तासात असे झालो.

मग त्याला परत रंगवला. मावळ्यांना एकसारखा गणवेश नव्हता. ज्याचं त्याचं कापड. म्हणून अंगरखा न रंगवलेल्या सुताचा, मळकट. मुंडासं निळीत बुडवून पुढं विटलेलं. ओलं कापड कोरड्यापेक्षा गडद दिसतं, म्हणून खांदे आणि गुडघ्याखालचा भाग एक छटा गडद घेतला. रंग नेहमी पातळ, दोन-तीन हात, प्रत्येक हात सुकू द्यायचा. स्टीलच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग काढला की तासन्‌तास सुकत नाही. चेहऱ्याला आधी मधला तपकिरी, खाचांत लालसर गडद, मग नाक आणि गालाच्या हाडावर उजळ. उजळ करताना नुसता पांढरा घातला तर माणूस आजारी दिसतो, थोडा पिवळसर मिसळा. डोळ्यात पांढरा शुभ्र नको, मातकट पांढरा. बुबुळ म्हणजे एक उभी रेघ. मग कातडीच्या रंगानं पापण्या परत आखून घ्यायच्या.

आणि बंदूक. दारू भिजली, जामगी विझली, की बंदूक म्हणजे काठी. म्हणून एम-सील लाटून चपातीसारखं पातळ केलं आणि बंदुकीच्या कळीवर फडकं गुंडाळल्यासारखं बसवलं. मुलीच्या प्रश्नाचं हे माझं उत्तर. पायाशी चिखल खरा आहे, आमच्या बुटांना आलेला. वाळवून, चाळून, फेविकॉलमध्ये कालवला, वरून थोडं चमकदार वार्निश, म्हणजे ओला दिसतो. शेवटचं मॅट वार्निश? ते मात्र ऑक्टोबरच्या उन्हात मारलं.

दिवाळीत आमच्या बिल्डिंगखाली चाकणचा किल्ला झाला. विटा, माती, गोणपाट, तटावर पेरलेले हळीव. महाराज मातीचे, सिंहासनावर, पण किल्ल्याच्या बाहेर, लांब. ती म्हणाली ते तेव्हा पन्हाळ्यावर होते. आमचा मावळा तिनं दरवाजात नाही ठेवला. पडक्या बुरुजामागच्या बांधावर ठेवला.

शेजारच्या एका पोरानं विचारलं, "हा जिंकला का?"

ती म्हणाली, "किल्ला गेला. पण याला माहीत होतं कुणी येणार नाही, तरी हा थांबला."

त्या बांधावरच्या एकाही माणसाचं नाव मला सांगता येत नाही. नाव राहिलं ते फिरंगोजींचं. पण तीन आठवडे एकाच चेहऱ्याकडे भिंगातून बघितलं ना, की तो नुसता "मावळा" राहत नाही. त्याची झोप झालेली नाही हे तुम्हाला कळायला लागतं.

शेजारच्या पोराचे वडील तेवढ्यात खाली आले. मला म्हणाले, "छान केलाय. तुम्ही कुठले?"

मी म्हटलं, "चाकणचा." मुलगी माझ्याकडे बघून हसली.

चला मंडळी, चौक मोकळा झाला असेल तर निघा. तुम्ही काही रंगवत असाल तर आधी साबणानं धुवा, एवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.